अल्मेडाबाईंची शेगडी

मित्रांनो, माझं पोट सुटलेलं आहे, पाय आखूड आहेत आणि त्यातला एक पाय मुळात माझा नाहीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला पाहिल्यावर तुम्ही आपापसांत खुसखुसणार नाही. मी ओतीव लोखंडाची जुनी शेगडी आहे. घरोघरी कोळशाची असायची तसली चिमुकली शेगडी नव्हे. मी माणसाच्या छातीइतकी उंच आहे आणि माझ्या डोक्यावर छपराबाहेर जाणारं पत्र्याचं धुराडं असतं. पोटात लाकडं घ्यायची आणि अख्खी खोली उबदार ठेवायची, एवढंच माझं काम. पण हे काम मी शाळेत केलं. त्यामुळे लाकडांबरोबर चुकलेली गणितं, फाटके नकाशे आणि मुलांनी एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्याही माझ्या पोटात पुष्कळ गेल्या. सगळं पचलं.

माझा जन्म टेनेसीतल्या लोखंड ओतायच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला आगगाडीत घालून जॉर्जियात हॅलोवेल गावी आणलं आणि विटांच्या मोठ्या शाळेत उभं केलं. ती गोऱ्या मुलांची शाळा होती. त्या काळी गोऱ्यांची मुलं एका शाळेत जायची, काळ्यांची दुसरीत. कायदाच तसा होता. 'वेगळं, पण सारखं' असं त्यात म्हटलेलं होतं. वेगळं होतं, हे मात्र खरं. मी स्वतः काळीकुळकुळीत असून गोऱ्या मुलांच्या शाळेत राहत होते, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढे त्या शाळेत गरम वाफेचे नळ आले आणि मला अंगणात आणून टाकलं. टाकताना माझा एक पाय मोडला. हॅलोवेलची रीत अशी होती की गावाला नको झालेली प्रत्येक वस्तू चिंकापिनच्या शाळेत पाठवायची. पानं फाटलेली पुस्तकं, पाठ मोडलेली बाकं, आणि आता मी.

चिंकापिन म्हणजे गावाबाहेरची काळ्या शेतकऱ्यांची वस्ती. तिथली शाळा म्हणजे एकच लांबट खोली. उत्तरेकडच्या एका धनवान गृहस्थानं थोडी मदत पाठवली होती. बाकी सगळी शाळा लोकांनी आपल्या हातांनी उभी केली होती. पुरुषांनी पाइनची झाडं तोडली, फळ्या कापल्या. बायकांनी चर्चच्या अंगणात कोंबड्या तळून, पीचचे गोड पाव भाजून विकले आणि खिडक्यांना काचा आणल्या. मला तिथे उतरवलं तेव्हा मी तीन पायांवर लंगडत होते. वस्तीतल्या टिस्डेल लोहारानं मोडक्या नांगराच्या फाळाचा मला नवा पाय करून दिला. तो बाकीच्या तीन पायांपेक्षा दणकट निघाला. टाकून दिलेल्या वस्तूचं इतकं कौतुक होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

अल्मेडाबाई आल्या त्या एकोणीसशे बत्तीस साली. अल्मेडा गेदर त्यांचं नाव. वय एकोणीस, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी आणि डोक्यावर थोरल्या बहिणीची भलीमोठी टोपी. पहिल्या दिवशी त्यांनी मला पेटवायला घेतलं आणि सगळी खोली धुरानं भरून टाकली. मुलं खोकत अंगणात पळाली. बाई डोळे पुसत बाहेर आल्या. लोहाराचा मुलगा एझेल कुंपणावर बसून मजा बघत होता.

"बाई, आधी धुराड्याची झडप उघडायची असते," तो म्हणाला.

"हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला धूर खाऊ दिलास?"

"पहिल्या दिवशी सगळ्याच बाई खातात," एझेल शांतपणे म्हणाला. "मागच्या बाई तर दुसऱ्याच दिवशी गेल्या."

"मी जाणार नाही," बाई म्हणाल्या. "खाली उतर, आणि ती झडप दाखव."

त्या खरोखरच गेल्या नाहीत. झडप इतकी छान शिकल्या की पुढे माझ्या आवाजावरून त्यांना माझा मूड कळायचा.

मित्रांनो, त्या खोलीतली सकाळ मला अजून आठवते. लाकडं आणायची घराघरांची पाळी असायची. ज्या घराची पाळी, त्या घरचं मूल मोळी घेऊन मिरवत यायचं. प्रत्येक मूल घरून एक रताळंही आणायचं. ती रताळी माझ्या राखेत पुरायची आणि दुपारी तीच जेवायची. पण राखेतून निघालेली रताळी सगळी सारखीच दिसतात, आणि मग कुणाचं मोठं, कुणाचं बारीक यावरून हाणामारी. बाईंनी एक नियम केला. खिळ्यानं आपल्या रताळ्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. ज्याला अक्षर येणार नाही त्यानं उरलेलं खायचं. मोठमोठ्या शाळांत मुलं वर्षभर अक्षरं गिरवतात म्हणे. चिंकापिनची मुलं दोन-चार दिवसांत शिकायची. भुकेसारखा मास्तर नाही.

आणि वाचन! मोठी मुलं, लहान मुलं, सगळी एकाच खोलीत. पुस्तकं मोजकी. त्यामुळे एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, चुकलं की ओरडायचं. मनातल्या मनात वाचणं आमच्याकडे चोरी समजली जायची. "एकटाच खातोस होय रे?" असं मुलं म्हणायची. सगळी एकदम वाचायला लागली की माझं धुराडंसुद्धा थरथरायचं.

दर उन्हाळ्यात बाई आगगाडीनं न्यूयॉर्कला शिकायला जायच्या. जॉर्जियाच्या विद्यापीठात काळ्यांना दार बंद होतं. दार उघडण्यापेक्षा न्यूयॉर्कचं तिकीट काढून देणं सरकारला सोपं वाटत होतं. बाईंनी तिकीट घेतलं आणि पदवीवर पदवी मिळवली. दर वेळी परत आल्या की आधी माझ्या झाकणावर टिचकी मारायच्या. "काय गं, मला सोडून कुणाला धूर नाही ना खाऊ घातलास?" असं विचारायच्या. माझ्याशी बोलणाऱ्या जगात त्या एकट्याच.

चोपन्न साली वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला. वेगळ्या शाळा सारख्या असूच शकत नाहीत, सगळी मुलं एकत्र शिकली पाहिजेत. बाईंनी ती बातमी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. मुलांनी बाकं वाजवली. मग सगळ्यांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, जणू गोऱ्यांच्या शाळेची बस आपल्याला न्यायला वळणावर येऊन उभीच आहे.

बस आली नाही. तो निकाल वॉशिंग्टनहून निघाला आणि हॅलोवेलला पोचेपर्यंत माझी दोन धुराडी गंजून बदलली. खेचरांच्या गाडीनं आला असता तरी लवकर पोचला असता. त्या दिवशी बाकं वाजवणाऱ्या मुलांची लग्नं झाली, त्यांची मुलं त्याच बाकांवर येऊन बसली.

अखेर सत्तर साली कोर्टानं कान पिळला आणि हॅलोवेलच्या शाळा-समितीनं चिंकापिनच्या लोकांना बैठकीला बोलावलं. तुमची मुलं आता आमच्या शाळेत येतील, तुमच्या काही मागण्या असतील तर सांगा. लोकांच्या वतीनं बोलायचं कुणी? एझेल टिस्डेलनं. धुरात हसणारा तो मुलगा आता चर्चचा डीकन झाला होता. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्याला तिथे डीकन म्हणतात. रविवारी त्यानं हात वर केला की सारं चर्च गप्प व्हायचं. पण अल्मेडाबाईंसमोर उभं राहिलं की त्याला अजूनही घाम फुटायचा.

बैठकीआधी त्यानं माझ्यासमोर उभं राहून भाषणाचा सराव केला. बाई बाकावर बसून ऐकत होत्या.

"एझेल, हात खिशातून काढ."

"काढले."

"आता काय काय मागणार, सांग."

"गोऱ्या मुलांची असेल तीच बस. नवी पुस्तकं, फाटकी नकोत. वर्गात सगळ्यांबरोबर बाकं, मागच्या रांगेत वेगळी नकोत. दुपारचं गरम जेवण. आणि संडासात पाणी."

"संडासाचं शेवटी नको. शेवटचं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं."

"मग शेवटी काय घेऊ?"

"आमची मुलं तुमच्या मुलांइतकीच हुशार आहेत, हे घे."

"इतकीच?" एझेल हसला. "जास्त नाही?"

"बैठकीत इतकीच म्हण. जास्त आहेत ते त्यांना आपोआप कळेल."

बैठक झाली. एझेल छान बोलला असं म्हणतात. समितीनं सगळ्या मागण्या मान्य केल्या, अगदी संडासाची सुद्धा. पुढच्या रविवारी चर्चमध्ये मोठी पंगत झाली. गाणी तर अशी झाली की बंद शाळेत मलासुद्धा ऐकू येत होती. इतका आनंद चिंकापिननं पूर्वी पाहिला नव्हता. मीही खूश होते. मुलांना चांगलं मिळतंय म्हटल्यावर शेगडीनं कशाला तोंड वाकडं करावं?

ऑगस्टमध्ये बाई शाळेत येऊन आपले नकाशे गुंडाळत होत्या. बाहेर मोटार थांबली आणि शिक्षणाधिकारी आत आले. गोरे, भले दिसणारे गृहस्थ. वयानं बाईंपेक्षा बरेच लहान, पण तिथल्या गोऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे ते बाईंना अगं-तुगं करायचे.

"हे काय चाललंय, अल्मेडा?"

"नकाशे बांधतेय, साहेब. तिकडच्या वर्गात लागतील."

"तिकडे नकाशे आहेत."

"मग माझे दुसऱ्या भिंतीला लावीन."

साहेबांनी टोपी हातात फिरवली. "हे बघ अल्मेडा, बैठकीत सगळं मुलांचं ठरलं. शिक्षकांचा विषय कुणी काढलाच नाही. आमच्या जागा तर भरलेल्या आहेत. पण आम्ही तुला वाऱ्यावर सोडणार नाही. जेवणघरात एक बाई हवी आहे. मुलांना रांगेत उभं करायचं, सांडलं-लवंडलं बघायचं."

बाईंनी हातातला नकाशा खाली ठेवला. त्यांचा तळवा माझ्या झाकणावर टेकला. भर उन्हाळ्यात तो गार पडला होता.

"रांगेत उभं करणं मला कधी जमलं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "माझी मुलं उभी राहतात ती वाचायला."

साहेब निघून गेले. बाईंनी नकाशा उचलून पुन्हा गुंडाळला. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की निदान पेटलेली तरी असते, तर त्यांचे हात शेकले असते.

संध्याकाळी एझेल धावत आला. दारातच थांबला. धापेनं तोंड उघडंच होतं.

"तोंड मीट, एझेल. माशा जातील."

"बाई, मी बस मागितली. पुस्तकं मागितली. संडासाचं पाणी मागितलं. तुम्हाला मागायचं राहिलं."

"भाषण मी तपासलं होतं ना? मग चूक दोघांची."

"ऊन मागायला कुणी जातं का हो? मला वाटलं, तुम्ही असणारच!" एवढं बोलून तो धिप्पाड माणूस लहान मुलांच्या बाकावर बसला आणि ढसाढसा रडला.

बाईंच्या मनातही कधी आलं नसणार की आपल्यालाही मागावं लागेल. त्या वस्तीतल्या कुणाच्याच मनात आलं नाही. गोऱ्यांनी काय काय अडवून ठेवलंय हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, म्हणून तेवढंच मागितलं. जे आपलंच होतं ते कुणी काढून घेईल, हे सुचलंच नाही. एझेल परत समितीकडे गेला. आता उशीर झाला, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षीही तेच उत्तर मिळालं.

सप्टेंबरात बस आली आणि मुलांना घेऊन गेली. मी रिकाम्या खोलीत एकटी उरले. गांधीलमाश्यांनी धुराड्यात घर केलं. काही दिवसांनी दोन माणसं मला भंगारात न्यायला आली. एझेल ट्रक घेऊन आडवा उभा राहिला.

"हिच्या पायाला हात लावायचा नाही. तो माझ्या बापानं केलाय."

त्यानं मला ट्रकवर चढवलं आणि थेट अल्मेडाबाईंच्या दारात नेऊन उतरवलं. बाई बाहेर आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"एझेल टिस्डेल, मी वर्ग मागितला आणि तू शेगडी आणलीस?"

"वर्ग मिळाला नाही. जे मिळालं ते आणलं."

"माझ्या घरात गॅसचा हीटर आहे."

"माहीत आहे."

"ही ठेवू कुठं? माझ्या डोक्यावर?"

"पुढच्या खोलीत. कोच बाहेर काढू."

"माझा कोच!" बाई किंचाळल्या. पण कोच बाहेर गेला, मी आत आले. धुराड्यासाठी एझेलनं छताला भोक पाडलं, आणि बाई खालून बजावत राहिल्या की पाणी गळलं तर भोकाखाली तुला उभा करीन.

मला वाटलं, आता आपण शोभेची वस्तू झालो. पण नोव्हेंबरात एझेल आपल्या धाकट्या लेकीला घेऊन आला. तिचं नाव व्हर्लीन. चिंकापिनला असताना ती अशी खणखणीत वाचायची की रस्त्यावरची माणसं थांबायची. हॅलोवेलच्या शाळेत नियम होता, मनातल्या मनात वाचायचं. व्हर्लीनला ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं. तिच्या तोंडून आवाज निघायचाच. वर्ग हसायचा. तिथल्या तरुण शिक्षिकेला वाटलं, या मुलीला धड वाचता येत नाही, म्हणून ही पुटपुटते. तिनं व्हर्लीनला मागच्या रांगेत, मंद मुलांच्या गटात बसवलं. व्हर्लीननं तोंड मिटलं ते मिटलंच. चर्चमध्ये वाचायची पाळी आली तेव्हा तिनं पुस्तक शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. मग एझेलच्या ध्यानात आलं.

बाईंनी मला पेटवलं. झडप बरोबर उघडली. मग व्हर्लीनच्या हातात पुस्तक दिलं.

"वाच."

"मनात?" व्हर्लीननं हळूच विचारलं.

"मनातलं मला ऐकू येत नाही. म्हातारी झालेय. मोठ्यानं वाच."

"शाळेत हसतात."

"इथे मी आहे आणि ही ढेरपोटी आहे. ती हसली तर मला सांग."

व्हर्लीननं माझ्याकडे पाहिलं. मी अगदी गंभीर राहिले. मग ती वाचायला लागली. आधी दबकत, मग जरा धीटपणे, मग पूर्वीसारखी. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या डोळे पुसत होत्या आणि त्या दिवशी खोलीत धूर अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनबरोबर आणखी मुलं आली. मागच्या रांगेत बसवलेली चिंकापिनची मुलं थोडी नव्हती. मग बसचा ड्रायव्हर संध्याकाळी सगळ्यांना बाईंच्या दारातच उतरवू लागला. कुणीही न सांगता घराघरांची लाकडांची पाळी पुन्हा सुरू झाली. बाईंनी मुलांना दोन्ही वाचनं शिकवली. "तिकडे मनातलं वाचा, कारण तिकडे तो नियम आहे. इकडे मोठ्यानं वाचा, कारण त्यात मजा आहे," असं त्या सांगायच्या.

एके दिवशी व्हर्लीनबरोबर एक गोरी मुलगी उतरली. टॅमी तिचं नाव. लाकूड कापायच्या गिरणीतल्या कामगाराची मुलगी, मागच्या रांगेत व्हर्लीनच्या शेजारी बसायची. अंधार पडायच्या सुमाराला तिची आई जोरजोरात दार ठोठावत आली.

"माझी पोरगी इथं आहे?"

"आहे," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "वाचतेय. जरा थांबा, अवघड शब्दावर आलीये."

"टॅमी? वाचतेय?"

आतून टॅमीचा आवाज आला. अडखळत, शब्द चाचपत, पण वाक्य पुरं झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई ओसरीवर तशीच उभी राहिली. मग मुलीचा हात धरून निघून गेली. गेली ती गेली, असं मी समजले. पण आठवड्याभरात ती नवऱ्याला घेऊन आली आणि दोघांनी दारात फळकुटांचा ढीग टाकला.

"गिरणीत वायाच जातात," ती बाईंची नजर चुकवत म्हणाली. "तुम्हाला जाळायला चालतील का?"

हॅलोवेलच्या गोऱ्या माणसाच्या तोंडून बाईंना 'तुम्हाला' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"चालतील की," बाई म्हणाल्या. "या, आत या. थंडी आहे."

ती आत आली. उंबऱ्यापाशीच बसली, पण आली.

अशी बरीच वर्षं गेली. मी तुम्हाला खोटं गोड सांगणार नाही. बाईंना मुलं मिळाली, पण शाळा कधीच मिळाली नाही. हॅलोवेलच्या शाळेत त्यांच्या नावाची पाटी एका दारावरही लागली नाही. दोन पदव्या भिंतीवर टांगून त्यांनी पोटासाठी लोकांचे कपडे शिवले आणि संध्याकाळी मुलं शिकवली. त्या वारल्या तेव्हा गावच्या वर्तमानपत्रानं छापलं की बाई शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त! मला पाय असते, म्हणजे चालता येईल असे, तर त्या कचेरीत जाऊन धूर केला असता.

बाईंच्या माघारी घर विकलं गेलं आणि मी मागच्या पडवीत पडले. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तशी कोंबड्यांची सोबत वाईट नसते, पण त्यांना वाचनाची आवड नाही.

मग अलीकडे जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळींनी चिंकापिनची शाळा पुन्हा उभी केली. तिच्या छपरावर नवा पत्रा चढला. मला शोधून काढलं, घासलं, काळं पॉलिश केलं आणि जुन्या जागी नेऊन ठेवलं. माझ्याभोवती लाल दोर बांधला. 'कृपया हात लावू नये' अशी पाटीही लावली. मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू? पण हात लावू नये म्हटल्यावर जरा एकटंही वाटलं.

उद्घाटनाचा दिवस थंडीचा होता. फीत कापायला बोलावलं होतं हॅलोवेलच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला. ती कोण? आपली व्हर्लीन! केस पांढरे झालेले, आवाज तसाच खणखणीत. शेजारी चाकांच्या खुर्चीत कांबळं पांघरून एझेल बसला होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून व्हर्लीन त्याच्यासाठी सगळं मोठ्यानं बोलत होती.

नवे शिक्षणाधिकारी भाषणाला उभे राहिले. तरुण, हसतमुख. त्यांनी माझ्या पोटाचं कौतुक केलं, जुन्या काळाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आज आणखी एक आनंदाची बातमी. नदीपलीकडची छोटी शाळा पुढच्या वर्षी आपण हॅलोवेलच्या शाळेत सामील करतोय. कांद्याच्या शेतांवर काम करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची मुलं आहेत ती. त्यांना नवी बस मिळेल, नवी पुस्तकं मिळतील, गरम जेवण मिळेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लीनच्या हातात कात्री होती. फीत दोन पात्यांच्या मध्ये होती. ती थांबली.

"आणि त्यांच्या बाई?" तिनं विचारलं.

"काय म्हणालात?"

"त्या शाळेत आरासेलीबाई आहेत. मुलांबरोबर त्याही माझ्या शाळेत येणार ना?"

साहेबांचं हसू जरा कमी झालं. "जागांचा थोडा प्रश्न आहे. ते नंतर बघू. आज कार्यक्रम आहे."

"नंतरचं आम्हाला ठाऊक आहे, साहेब," व्हर्लीन म्हणाली आणि तिनं कात्री खाली घेतली. "मी थांबते. मला घाई नाही."

कुणीतरी खाकरलं. एझेलनं मान वर केली. "काय झालं गं? कापलीस का फीत?"

"नाही बाबा," व्हर्लीन त्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाईंना मागतेय."

म्हाताऱ्यानं कांबळ्यातून हात काढला आणि चर्चमध्ये करायचा तसा वर केला. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, व्हर्लीनकडे पाहिलं, आणि समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"येतील," ते म्हणाले. "मुलांबरोबर त्याही येतील. माझा शब्द."

"सगळ्यांसमोर दिलात, फार बरं झालं," व्हर्लीन म्हणाली आणि तिनं फीत कापली.

मित्रांनो, मला बघायला जरूर या. जुन्या वस्तू जपता, हे तुमचं चांगलंच आहे. पण माझं काय, मी लोखंड आहे. गंज चढला तर खरवडता येतो, पाय मोडला तर दुसरा बसवता येतो. अल्मेडाबाईंची ती वर्षं मात्र कुणालाही परत आणता आली नाहीत. म्हणून तुमच्या शाळेला नवी इमारत मिळेल, नवी बाकं मिळतील, तेव्हा पोटभर आनंद करा. टाळ्या वाजवा. आणि टाळ्या थांबायच्या आत उठून विचारा, आमच्या बाई कुठे आहेत?